मदत हवी आहे: परदेशात एटीएमवर कन्व्हर्जनचा भुर्दंड कसा टाळायचा? (प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट)

नमस्कार मंडळी, मे महिन्यात आई-बाबांना घेऊन प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट असा दहा दिवसांचा दौरा ठरलाय, व्हिसा झाला, तिकिटं झाली, आता अडलंय ते पैशांपाशी, कारण बँकॉकला मला चांगलाच फटका बसलाय.

झालं असं की विमानतळावर उतरल्या उतरल्या एटीएममधून 10,000 बाट काढले. मशीनने आधी 220 बाट चार्ज दाखवला, ते ठीक, तिथे बाहेरच्या कार्डाला तो लागतोच. पण पुढच्या स्क्रीनवर थेट रुपयांत आकडा आला आणि खाली 'ॲक्सेप्ट कन्व्हर्जन', 'डिक्लाइन कन्व्हर्जन' अशी दोन बटणं. मागे रांग, मुलगी खांद्यावर झोपलेली, मला वाटलं डिक्लाइन केलं तर पैसेच येणार नाहीत, म्हणून ॲक्सेप्ट दाबलं. हॉटेलवर जाऊन हिशोब केला तर त्या दिवशीच्या रेटने 25 हजारांच्या आसपास व्हायला हवे होते, खात्यातून गेले 26,500 च्या वर. एका बटणाचे दीड हजार! फार जीवाला लागलं.

तर डिक्लाइन दाबल्यावर पैसे नक्की येतात का? माझ्या डेबिट कार्डावर 3.5 टक्के मार्कअप (परकीय चलनाच्या व्यवहारावर बँक घेते तो जादा आकार) आणि त्यावर 18 टक्के जीएसटी आहे, शिवाय दर वेळी काढायची फी वेगळी. फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड) घ्यायचं तर त्यात युरो भरता येतात पण चेक कोरुना आणि हंगेरीचे फोरिंट नाहीत. मग तिथे काय करायचं? बाबा म्हणतात सगळे युरो रोखच ने, पण एवढी रोकड घेऊन फिरायची मला भीती वाटते.

प्रतिसाद:
डिक्लाइन बिनधास्त दाबा, पैसे येतात. त्याने व्यवहार रद्द होत नाही, फक्त मशीनचा रेट नाकारला जातो आणि कार्ड नेटवर्कचा, म्हणजे व्हिसा किंवा मास्टरकार्डसारख्या कंपनीचा लागतो. व्हिएन्नात तर जास्त जपा, कार्डात युरो असताना मशीन रुपयांत करू का विचारेल, हो म्हणालात की युरोचे रुपये आणि रुपयांचे परत युरो, म्हणजे दोनदा कापणार. दुकानातल्या मशीनवरही हाच प्रश्न येतो, तिथलं चलनच निवडायचं.

प्रागला पर्यटकांच्या गल्लीतली सुटी एटीएम टाळा, बँकेच्या शाखेला लागून असलेलं शोधा आणि थोडं थोडं न काढता एकदाच काढा. तसे फार लागत नाहीत, ट्राममध्येसुद्धा कार्ड टॅप करून तिकीट निघतं. युरो बदलायची वेळ आलीच तर 'झिरो कमिशन' च्या पाटीवर जाऊ नका, हातात किती कोरुना पडणार ते आधी विचारा. फसलात तर 1,000 युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांत रद्द करून मागता येतो, 2019 पासून तसा कायदा आहे, पावती तेवढी जपून ठेवा. रस्त्यात कोणी माणूस नोटा बदलून देतो म्हणाला तर थांबूच नका, दुसऱ्याच देशाच्या नोटा हातात टेकवतात. आणि निघायच्या आधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचं इंटरनॅशनल वापर चालू करा, बंद असतं.

धागाकर्ती:
खूप खूप आभार, डिक्लाइनचं कळलं आणि डोक्यावरचं ओझं उतरलं. बाबांनाही तो स्क्रीन कसा दिसतो ते कागदावर काढून दाखवते. एकच राहिलं, बुडापेस्टहून परत निघताना फोरिंट उरले तर तिथेच युरो करून घ्यावेत का, की मुंबईत कोणी घेतं?