जमलेले 48,600 रुपये कुठे द्यायचे?

सेक्रेटरी (बी-104): नमस्कार. रद्दी, ई-कचरा आणि दिवाळीतली वर्गणी मिळून 48,600 रुपये जमले आहेत. सभेत ठरल्याप्रमाणे ते हवामान बदलाच्या कामाला द्यायचे आहेत. कोणत्या संस्थेला, ते रविवारपर्यंत ठरवू. कृपया विषयाला धरून लिहावे. गुड मॉर्निंगची फुलं आज नकोत.

कुलकर्णी काका (ए-302): वृक्षारोपण. त्यात चर्चा कसली? रोपाला शंभर धरले तरी पावणेपाचशे-पाचशे झाडं होतात. मुलांनाही नेऊ, बोर्ड लावू.

मेधा (सी-501): काका, शंभर रुपये लावायचे झाले. जगवायचे किती? 2019 च्या पावसाळ्यात राज्य सरकारने 33 कोटी झाडांचा संकल्प सोडला होता. पुढे त्याच योजनेच्या चौकशीला आमदारांची समिती नेमायची वेळ आली. आणि आपल्या पुण्याच्या टेकड्यांवर जे गिरिपुष्पाचं परदेशी झाड माजलंय तेही कुणीतरी हौसेने लावलेलंच आहे ना?

कुलकर्णी काका: म्हणून काय झाडंच लावायची नाहीत? 🙏

मेधा: लावावीत की. पण कुठे? सासवड-जेजुरीकडची माळरानं ओसाड दिसतात म्हणून लोक तिथे खड्डे खणतात. ती ओसाड नाहीत. लांडगे, खोकड, धाविक पक्षी यांचं घर आहे ते. गवताच्या मुळांशी जमिनीत कार्बनही साठलेला असतो.

सुजित (ए-701): आकड्यांत बोलू. आपल्याकडे एक किलोवॉट सोलर दिवसाला साधारण चार युनिट देतं, म्हणजे वर्षाला चौदाशेच्या आसपास. ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरा. झाला जवळपास एक टन. चांगलं वाढलेलं झाड वर्षाला ढोबळमानाने वीस-पंचवीस किलो शोषतं. म्हणजे एका किलोवॉटची बरोबरी करायला चाळीस-पन्नास मोठी झाडं हवीत, आणि ती मोठी व्हायला दहा-पंधरा वर्षं.

बी-603: मग आपल्याच गच्चीवर सोलर लावू या! पैसे घरातल्या घरात 😄

सेक्रेटरी: त्याला देणगी म्हणत नाहीत हो. लिफ्ट आणि पंपाच्या विजेसाठी केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून सोसायट्यांना किलोवॉटमागे 18,000 अनुदान आहे. तो विषय पुढच्या सभेत स्वतंत्र घेऊ.

जोशी काकू (सी-202): मी बोलू का? माझं माहेर संगमनेर तालुक्यातलं. दरेवाडीत पूर्वी उन्हाळा म्हणजे टँकर, आणि बाकीचं गाव कामाला बाहेर. ‘वॉटर’ म्हणून पुण्याचीच संस्था आहे, 1993 पासूनची. त्यांनी गावाला हाताशी धरून पाणलोटाचं काम केलं. समतल चर, बांध, चराईबंदी, सगळं. चराईबंदीवरून आधी भांडणं झाली, मेंढ्या कुठे न्यायच्या म्हणून. पण गावाने पाळली. पाऊस लहरी झाला तर अशीच गावं तग धरतील असं मला वाटतं.

अनिकेत (बी-401): पानी फाउंडेशन पण आहे. 2016 ला सुरू झालं, वॉटर कप, आता फार्मर कप. गटशेतीचं काम चांगलं चाललंय.

मेधा: काकू, अनिकेत, दोन्ही कामं मोलाची आहेत. फक्त एक भेद लक्षात घ्या. हे आलेल्या संकटाला तोंड द्यायचं काम आहे. धूर कमी करायचं काम वेगळं. दोन्हीला पैसे द्यावेत, पण एकाच्या नावावर दुसरं खपवू नये.

धूर कमी करणाऱ्यांना सहसा फोटोच नसतो. उदा. प्रयास, ऊर्जा गट. पुण्यातच आहेत. शेतीपंपाची वीज रात्री का येते, अनुदानाचा बोजा कुणावर पडतो, याचा ते वर्षानुवर्षं अभ्यास करताहेत. उपकेंद्राजवळ छोटा सौर प्रकल्प उभारायचा आणि अख्ख्या शेती फीडरला (पंपांना वीज नेणाऱ्या वाहिनीला) दिवसा वीज द्यायची, ही कल्पना त्यांनी पुढे रेटली. शेतकऱ्याला पंपसुद्धा बदलावा लागत नाही. 2017 मध्ये राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. आता त्यात हजारो मेगावॉटची गोष्ट चाललीय. आपले सगळे पैसे घालून आपण एक किलोवॉटसुद्धा जेमतेम उभारू.

कुलकर्णी काका: योजना सरकारची, पैसा सरकारचा. श्रेय या अहवालवाल्यांना?

मेधा: सगळं श्रेय नाहीच. पण वीज आयोगापुढे जाऊन हिशोब मांडणारा कुणी नसला तर हा विचार फायलीतच राहतो. किती टक्के कुणामुळे, हे मोजता येत नाही. ती या देणगीतली जोखीम आहे, मान्य.

रोहन (शिकागो, काकांचा मुलगा): बाबा, इकडे गिव्हिंग ग्रीन म्हणून गट संस्था पारखून शिफारस करतो. त्यांच्या यादीत क्लीन एअर टास्क फोर्ससारख्या धोरणावर काम करणाऱ्या संस्था असतात, झाडं लावणारे नव्हे. मी पण 200 डॉलर घालतो.

सुजित: रोहन, तू आता अमेरिकन नागरिक ना? मग तुझे पैसे परदेशी देणगीत मोडतात. संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी हवी आणि रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या तिच्या खात्यातच जायला हवी. आमच्या हंडीत टाकू नकोस, सेक्रेटरींना घाम फुटेल.

सेक्रेटरी: फुटलाच आहे. देणगीवरच्या करसवलतीचं पण सांगा कुणीतरी, तीन फोन आले.

सुजित: पैसे ज्याच्या खात्यातून जातात त्याच्याच नावाची पावती. सोसायटीने भरले तर तुम्हाला वजावट नाही. रोख 2,000 च्या वर दिले तरी नाही. नवीन करप्रणाली घेतली असेल तर मुळात विषयच संपला.

डी-101: ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरा नेणाऱ्या ताईंना द्या ना. ओला कचरा डेपोत कुजून मिथेन होतो, तो त्या टाळतात.

जोशी काकू: त्यांना देणगी कशाला, आधी महिन्याचे ठरलेले पैसे द्या. सात फ्लॅटचे थकलेत. आणि ओला-सुका वेगळा करून द्या, ते फुकट आहे.

सेक्रेटरी: 😶 यादी खासगीत पाठवतो.

मेधा: माझा प्रस्ताव: निम्मे पाणलोटाला, निम्मे प्रयासला. दोन्हीकडे फोन करून विचारते, लहान देणगी घेतात का आणि गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद देतात का. त्यांनी टाळाटाळ केली तर नाव बदलू.

सेक्रेटरी: हरकत कुणाची? रात्री नऊपर्यंत लिहा.

कुलकर्णी काका: हरकत नाही. पण मी माझ्या पैशाने मागच्या गेटपाशी दहा कडुलिंब लावणार म्हणजे लावणार.

मेधा: लावा काका. फक्त मेमध्ये तुम्ही शिकागोला जाता, तेव्हा पाणी कोण घालणार ते आत्ताच इथे लिहा.

कुलकर्णी काका: अनिकेत.

अनिकेत: काका 😳