३७७ गेलं ना? मग लग्नाचा हट्ट कशाला?

पोटमाळा: कालच्या पोस्टमध्ये एकानं लिहिलंय, "२०१८ ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ गेलं, २०२४ ला या जोडप्यांना बँकेत जॉइंट खातं काढता येतं, जोडीदाराला नॉमिनी करता येतं, हेही सरकारनं स्पष्ट केलं. आता यांना लग्नसुद्धा हवं?" वाचलं आणि झोप उडाली. मी आणि माझा जोडीदार अकरा वर्षं एका घरात राहतोय. गेल्या पावसाळ्यात त्याचं अपेंडिक्स फुटलं. रात्री अडीचला संमतीपत्र समोर आलं आणि 'रुग्णाशी नाते' या रकान्यापाशी माझं पेन अडलं. शेवटी 'मित्र' लिहिलं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "रक्ताचं कुणी नाही का?" सहा वर्षं त्याच्याशी न बोललेल्या भावाला परभणीला फोन लावला, त्याचा होकार घेतला, मग ऑपरेशन.

खवचट_काका: वाईट वाटलं. पण ही अडचण दवाखान्याची, लग्नाची नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी विवाहाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या पाचही न्यायाधीशांनी सांगितलं, लग्न हा मूलभूत हक्क नाही. संसदेत जा. तोवर नॉमिनी लावा, फ्लॅट मिळतोच.

सातवा_मजला: काका, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे!! तो नुसता राखणदार. आमच्या मामांनी सोसायटीत धाकट्या मामांना नॉमिनी केलं होतं, ते आता आईला दारात उभं करत नाहीत. चार वर्षं तारखा चालल्यात.

खवचट_काका: मृत्युपत्र नव्हतं का?

सातवा_मजला: होतं. साध्या कागदावर, साक्षीदार एकच. दोन लागतात हे कुणाला माहीत! आणि सेक्रेटरी म्हणतो, मेंटेनन्सची थकबाकी आधी भरा.

कडूलिंब: आमच्याकडेही हेच. सेक्रेटरी ही जातच वेगळी.

पोटमाळा: तुमच्या फ्लॅटचं रडगाणं वेगळ्या धाग्यात गा की! तरी मुद्दा माझाच निघाला. माझ्या जोडीदाराला आईवडील नाहीत. मृत्युपत्राविना तो गेला तर घर त्या परभणीच्या भावाचं. जिवंतपणी बक्षीसपत्र करावं, तर नवरा-बायकोला राहत्या घराचं मुद्रांक शुल्क २०० रुपये. मी परका, मला पुरं शुल्क.

खवचट_काका: म्हणजे भांडण स्टॅम्प ड्युटीचं. प्रेमबीम नंतर.

पोटमाळा: तुमच्या लग्नात याद्या नव्हत्या झाल्या? तेव्हा प्रेम कुठं होतं?

हळद_रोडी: तुमचं सातव्या मजल्यावरचं चालू द्या. मी ट्रान्स बाई, मला पत्र्याची खोली भाड्यानं मिळेना. २०१४ च्या नालसा निकालात सुप्रीम कोर्ट म्हणालं, बाई की पुरुष ही ओळख माझी मी ठरवायची. २०१९ च्या ट्रान्सजेंडर कायद्यानं त्यावर जिल्हाधिकाऱ्याचं प्रमाणपत्र बसवलं. ते घेऊन घरमालकाकडे गेले. त्यानं उलटसुलट करून पाहिलं, लॅमिनेशनवर नख मारलं आणि म्हणाला, "ताई, शेजारी फॅमिली राहते." आणि आमच्यावर लैंगिक अत्याचार केला तर त्याच कायद्यात शिक्षा लिहिली सहा महिने ते दोन वर्षं. बाईवर बलात्कार झाला तर किमान दहा. मोजा.

कडूलिंब: सिग्नलला गाडीची काच वाजवता, मग खोली कोण देणार?

हळद_रोडी: मी डेटा एंट्री करते, दादा. काच वाजवणारीलाही आधी खोली कुणी दिली नव्हती.

खवचट_काका: कडूलिंब, गप बस. हळदताई, शिक्षेचं मला ठाऊक नव्हतं. ते चूकच आहे. पोटमाळा, २०० रुपयांचंही पटलं. लग्नाचं अजिबात नाही. पण मृत्युपत्र करताय ना? एका साक्षीदाराची सही मी करतो. चहा तुमचा.

सातवा_मजला: काका, जरा आमच्या मामांचाही कागद बघाल का?