अनुभव धागा: पोट कुरकुरलं की डब्यातून काय निघतं?

खलबत्ता
काल कुणीतरी विचारलं, हिंग्वाष्टकात (आठ द्रव्यांचं पाचक चूर्ण) हिंग कच्चा की तळलेला? आणि लोखंडी पळीतल्या तुपात फुलणाऱ्या खड्या हिंगाचा वास थेट नाकात. म्हणून हा धागा. पोटाच्या कुरबुरीवर घरी जे करता ते मापासकट लिहा, "थोडंसं घ्या" नको.

हिंग्वाष्टकापासून सुरुवात करते. सुंठ, मिरी, लेंडी पिंपळी, ओवा (मूळ पाठात अजमोदा), जिरे, शहाजिरे, सैंधव प्रत्येकी १० ग्रॅम, हिंग ५ ग्रॅम. हिंगाचे वाटाण्याएवढे तुकडे करून चमचाभर तुपात अगदी मंद आचेवर फुलवायचे. हलके, चुरचुरीत झाले पाहिजेत. आत चिकट राहिले तर बत्त्याला डिंकासारखे बसतात आणि चूर्णाच्या गुठळ्या होतात. जिरे, शहाजिरे, ओवा नुसते गरम करायचे, लाल नाही. ओवा जास्त भाजला की कडवट. पिंपळी मोडून बघा, आत भुगा दिसला तर कीड आहे, टाका. सैंधव शेवटी, कोरडं करून, नाहीतर पावसाळ्यात बरणीत दगड.
घ्यायचं पाव चमचा, तुपात कालवून, गरम भाताच्या पहिल्या घासाला. जेवण झाल्यावर पाण्याबरोबर नाही.

पाटावरवंटा
हिंग ५ का? आठही समभाग ना?

खलबत्ता
मूळ पाठातल्या "अष्टमो हिंगुभागः" याचे दोन अर्थ लावतात. कुणी आठवा समभाग म्हणतं, कुणी एका भागाचा आठवा हिस्सा. समभाग घातलं तर तिखट आणि उग्र, पहिल्या घासालाच डोळ्यांत पाणी. ५ मधला रस्ता आहे.

घाटावरची
तो पुडीतला पिवळा हिंग तुपात टाकू नका बायांनो. तो बांधानी हिंग, त्यात गव्हाचं पीठ किंवा मैदा आणि डिंक असतो. फुलत नाही, करपतो. आणि गव्हाची ॲलर्जी असलेल्याला "हिंगाने पोट बिघडलं" वाटतं ते त्या पिठाने.

मंदाग्नी
शहाजिऱ्यात फसवणूक फार. नुसतं "काळं जिरं" मागितलं की कुणी कलौंजी देतं, कुणी कडू जिरं. कडू जिरं जंतांवरचं, जिभेवर ठेवलं तर अर्धा तास जात नाही. शहाजिरं बारीक, किंचित वाकडं, चोळलं की गोडसर वास. काष्ठौषधींच्या दुकानात नाव सांगून, चोळून घ्या.

ऱ्हाईनकाठ
जर्मनीतल्यांसाठी: ब्रेडवर असतं ते क्युमेल. तेच शहाजिरं समजून बिनधास्त वापरा. पण पुडीवर क्रॉइत्स-क्युमेल लिहिलं असेल तर ते आपलं साधं जिरं. इथे गोंधळ होतोच.

बरणीवाली
आल्याच्या पाचकाचं कुणीच नाही? आलं धुऊन सोलून किसा, पिळा. १ वाटी रस उंच काचेच्या ग्लासात तासभर हलवू नका. तळाशी पांढरा साका बसतो, तो टाकायचा, वरचा रस अलगद ओतून घ्यायचा. साका राहिला की पाचक खळीसारखं दाट होतं आणि लवकर आंबतं. २ वाट्या साखरेत पाऊण वाटी पाणी, एकतारी पाक, गॅस बंद करून आल्याचा रस. पूर्ण गार झाल्यावर १ वाटी लिंबाचा रस, १ चमचा सैंधव, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड. लिंबू गरम पाकात घातलं तर कडसर लागतं. स्टील किंवा काच, पितळ-ॲल्युमिनियम नको. फ्रीजमध्ये ठेवा. २ चमचे, जेवणाआधी.

घाटावरची
आणि बिया काढा गं, एक बी राहिली तरी बाटली कडू.

टिंगटाँग
२ वाट्या साखर म्हणजे हे औषध की सरबत 😄

बरणीवाली
म्हणूनच २ चमचे सांगितलं, २ ग्लास नाही 😄 मधुमेह असेल तर आल्याच्या चकत्या लिंबाच्या रसात सैंधव घालून ठेवा. आलं कोवळं असेल तर आपसूक गुलाबी होतं, रंग घातलेला नसतो.

कोरडाखोकला
छातीत जळजळ असेल तर हे सगळं चालेल का

मंदाग्नी
नाही. हिंग, मिरी, आलं, ओवा ही गार पडलेल्या पोटाची औषधं: फुगणं, जडपणा, भूक नसणं. आंबट ढेकर आणि जळजळ असताना दिली तर आगीत तेल. तिथे लोक अविपत्तिकर चूर्ण घेतात आणि मग विचारतात जुलाब का झाले. त्याचं माप बघा: सुंठीपासून तमालपत्रापर्यंत ११ द्रव्यांचा एकेक भाग, तेवढीच लवंग म्हणजे ११, निशोत्तर (रेचक मुळी) ४४, साखर ६६. एकूण १३२, त्यात निशोत्तर एक तृतीयांश. ते रेचकच आहे! साखर निम्मी, हेही मधुमेह्यांनी बघावं. वैद्यांना विचारून पाव चमच्यापासून.
ज्येष्ठमधही रोज महिनोन्महिने नको, रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं. आणि लवणभास्कर चूर्णाच्या नावातच मीठ आहे, बीपीवाल्यांनी लांबूनच नमस्कार.

भीमाशंकरपायथा
त्रिफळा विकत घेण्यापेक्षा करा. हिरडा, बेहडा, आवळकाठी बिया काढून वजन करा, मग समभाग. बियांसकट तोललं की हिरडा कमी आणि आवळा जास्त होतो. रात्री अर्धा चमचा कोमट पाण्यात.
बाळहिरडा वेगळा, तो आत बी न धरलेलं कोवळं फळ. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातला चांगला. एरंडेलात मंद परतला की टम्म फुगतो, तेव्हाच उतरवायचा. काळा कुळकुळीत झाला की गेला.

नवीआई२
बाळ ३ महिन्यांचं, संध्याकाळी खूप रडतं. ओव्याचं पाणी देऊ का? घुटी?

खलबत्ता
नको. ६ महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. मध तर वर्षभर नाहीच. हिंग कोमट पाण्यात कालवून बेंबीच्या भोवती पातळ लेप, बेंबीत नाही. कातडी लाल दिसली की लगेच धुवा. ढेकर काढून निजवा. बाळंतशेपा तुम्ही खा, जेवणानंतर चमचाभर, मंद भाजून. ताप, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त असेल तर लगेच डॉक्टर.

नवीआई२
थँक्यू 🙏 झोपलं आत्ता

पाटावरवंटा
मोठ्यांसाठीही एक. "गॅस आहे" म्हणून ओवा चावत बसू नका, जर छातीत दाब, डावा हात किंवा जबडा दुखणं, घाम असेल. आधी ईसीजी. डांबरासारखी काळी शी, विनाकारण वजन उतरणं, हेही चूर्णाचं काम नाही.

टिंगटाँग
ताक राहिलं. १ वाटी दही, ३ वाट्या पाणी, घुसळून लोणी काढलेलं. सुंठ चिमूटभर, सैंधव, जिरेपूड. दुपारीच. दह्यात पाणी ढवळलं म्हणजे ताक होत नाही.

कोरडाखोकला
हिंग कुटला मिक्सरात. आता चटणीला, कॉफीला, सगळ्याला हिंग. काय करू

घाटावरची
मूठभर कोरडे तांदूळ फिरवा, दोनदा. झाकणाची रबरी चकती काढून वेगळी उन्हात, वास तिथेच बसतो.

टिंगटाँग
आणि त्या तांदळाच्या कण्या टाकू नका, मऊ भाताला हिंगाची फोडणी वाचली.