मदत हवी आहे: आदेलाइदेच्या मोडलेल्या लग्नाला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी. सिसिलीच्या आदेलाइदे देल वास्तोवर लेख लिहितेय. नवऱ्यामागे लहान मुलांच्या नावे तिने राज्य सांभाळलं. तिचं ११०९ चं ग्रीक-अरबी आज्ञापत्र युरोपातल्या सर्वांत जुन्या कागदी दस्तांपैकी एक आहे. १११३ मध्ये राजा पहिल्या बाल्डविनशी लग्न करून ती जेरुसलेमची राणी झाली. अट अशी, की मूल झालं नाही तर गादी तिच्या मुलाला, रॉजरला. पण बाल्डविनची आधीची आर्मेनियन बायको हयात होती! १११७ मध्ये हे लग्न मुळातच अवैध ठरवून तिला सिसिलीला परत पाठवलं. वर्षभरात ती वारली. फार जीव तुटतो वाचताना.

इथेच अडलेय. ‘घटस्फोट’ चूक ठरेल, ‘विवाह रद्दबातल’ अगदी कोर्टातलं वाटतं. बोलीत बसेल असा नेमका शब्द सुचवाल का?