पोराने वाचन सोडलं, चूक माझी आहे. आता त्याच्याबरोबर पुन्हा सुरुवात कशी करू?

होंड्याचा बालरथवाला

सर्वांना सलाम. मी गोव्यात सत्तरी तालुक्यात बालरथ, म्हणजे शाळेची बस, चालवतो. सकाळी सव्वासहाला गाडी काढतो, पोरांना शाळेत सोडलं की दीड वाजेपर्यंत गाडी आंब्याखाली उभी आणि मी आत. हे तिथूनच लिहितोय. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आमचं घर मिरजेकडचं, मी तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती. वडील खाणीवर फिटर म्हणून आले आणि इथलेच झाले. उपासना, संडे स्कूल, नाताळची गाणी, सगळं लहानपणापासून पाठ. पण येशूच्या मागे रोज चालायचं म्हणजे काय, हे मला पस्तिशी उलटल्यावर कळलं, आणि तेही एका माणसामुळे.

२०१२च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या तेव्हा मी दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होतो. पगार थांबला, ट्रक मालकाच्या अंगणात ताडपत्रीखाली गेला आणि मी संध्याकाळचा बारमध्ये बसायला लागलो. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वर्कशॉपमधले एक जुने मेकॅनिक होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. एके दिवशी घरी आले. उपदेश वगैरे काही नाही. म्हणाले, "गुरुवारी जेवायला ये." भात, कढी आणि सुक्या सुंगटांची किसमूर. जेवण झाल्यावर त्यांनी बायबल काढलं. पानांच्या कडांना ग्रीसचे काळे अंगठे उमटलेले, लूकच्या शुभवर्तमानाच्या पानांवर सगळ्यांत जास्त. मी मोठ्याने वाचायचं, त्यांनी डोळे मिटून ऐकायचं. एकच परिच्छेद. मग विचारायचे, "यातलं तुला काय टोचलं?" आणि मी चपला घालताना, "मग उद्या काय करणार?"

असे गुरुवार चालू राहिले आणि एकदा जक्कय जकातदाराची गोष्ट आली, लूक १९. कोणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत देतो, असं तो म्हणतो तिथे माझा आवाज बसला. ट्रक चालू होता तेव्हा मी मालकाचं डिझेल काढून विकत होतो, वर्षभर, आठवड्याला पाच-दहा लिटर. त्या दिवशी गप्प राहिलो. पुढच्या गुरुवारी अण्णांनी एवढंच विचारलं, "मागच्या वेळचं काय झालं?" त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. तिसऱ्या खेपेला मी सांगून टाकलं. मालकाकडे जाताना अण्णा बरोबर आले आणि फाटकाबाहेर थांबले. चौपट जमलं नाही, घेतलं होतं तेवढं फेडायलाच मला चौदा महिने लागले. त्या चौदा महिन्यांत मी जेवढा बदललो, तेवढा आधीच्या पस्तीस वर्षांच्या उपासनांत बदललो नव्हतो.

तीन वर्षांपूर्वी अण्णा प्रभूकडे गेले.

आता मूळ गोष्ट. मंडळीत एक पोरगा आहे, तेवीसचा, पंक्चरच्या दुकानात कामाला. नाताळानंतर माझ्याकडे आला, "काका, मला शिकवा." मी नुकताच एका ठिकाणी शिष्यत्वाचा बारा आठवड्यांचा वर्ग केला होता. तिथला वाचनाचा तक्ता झेरॉक्स करून त्याच्या हातात दिला. रोज ३ अध्याय, रविवारी ५, म्हणजे बायबलचे १,१८९ अध्याय वर्षात होतात. वाचलं की चौकटीत खूण करायची. मी दर शनिवारी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारायचो, "चालू आहे ना?" तो अंगठा पाठवायचा. पाचव्या आठवड्यात अंगठा यायचा बंद झाला. दोन शनिवार वाट पाहिली आणि मग मी लिहिलं, "एवढंही होत नाही का तुझ्याने?" त्या दिवसापासून तो उपासनेला आलेला नाही.

गेल्या आठवड्यात बालरथची हवा भरायच्या निमित्ताने दुकानात गेलो. तक्ता कॉम्प्रेसरच्या वर भिंतीला चिकटवलेला होता. ३१ चौकटींत खुणा, पुढे कोरं. बत्तिसावी चौकट जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या अध्याय १२ ते १४ची. मी काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, "काका, मी सातवीत शाळा सोडली. जोडाक्षरं आली की अडतो. तीन अध्यायांना मला दोन तास लागतात. तो तेरावा तीन रात्री वाचला, पुरा झाला नाही." त्या एका अध्यायात ५९ वचनं आहेत, बहुतेक कातडीच्या रोगांची.

म्हणजे हा पोरगा दिवसभर टायर ओढून ३१ रात्री दोन-दोन तास बसला होता. आणि मी त्याला ते लिहिलं. खरं सांगायचं तर अण्णा गेल्यापासून माझं स्वतःचं वाचनच धड नाही. आठवड्यातून दोनदा झालं तर झालं.

मला अनुभवाचं सांगा. ज्याचं स्वतःचं रोजचं चालणं ढिलं पडलंय, त्याने दुसऱ्याचा हात धरावा का? आणि या पोराबरोबर सुरुवात कुठून करू?

निवृत्त बाई, फोंडा

भाऊ, सलाम. तुमचं लिहिणं दोनदा वाचलं.

आधी त्याची माफी मागा. फोनवर नाही, समोर जाऊन. आणि माफी मागताना तक्त्याचं समर्थन करू नका.

मी मराठी शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग वर्षानुवर्षे घेतले, म्हणून जोडाक्षरांचं सांगते. जो अडखळतो त्याला एकट्याने मनातल्या मनात वाचायला दिलं की तो शब्द ओढत राहतो आणि अर्थ मागे पडतो. त्याला तुम्ही वाचून दाखवा. त्याने ओळीखाली बोट फिरवत ऐकायचं. दुसऱ्यांदा तोच परिच्छेद त्याने वाचायचा. अर्थ आधी कानात गेलेला असतो, म्हणून जोडाक्षर अडवत नाही. अण्णांनी तुमच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं ते उगाच नाही.

आपल्या गोव्याला तर हे नवीन नाही. इंग्लंडचे फादर स्टीफन्स १५७९ साली इथे आले आणि त्यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली, ख्रिस्तपुराण. १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. त्याच्या आरंभीच नव्या ख्रिस्ती लोकांचं मागणं आलंय, की पुराणासारखं काहीतरी आम्हालाही ऐकायला हवं. त्या लोकांतल्या किती जणांना वाचता येत होतं? ते ऐकून वाढले, देवळात बसून, एकमेकांच्या शेजारी.

सुरुवात मार्कपासून करा. चार शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, १६ अध्याय, आणि गोष्ट भराभर पुढे जाते. आणखी एक कारण आहे. परंपरेने ज्या योहान मार्काला त्याचा लेखक मानतात तो स्वतः अर्ध्यातून परत गेलेला माणूस. पम्फुल्याहून तो प्रेषित पौलाला सोडून गेला, तेव्हा पुढच्या फेरीला पौल त्याला न्यायला तयार नव्हता. पौलाचा सोबती बर्णबा, त्याने मार्काला बरोबर घेतलं, आणि त्यावरून पौल-बर्णबा वेगळे झाले (प्रेषितांची कृत्ये १५). शेवटच्या दिवसांत तोच पौल आपल्या शिष्याला, तीमथ्याला, लिहितो की मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. मधल्या वर्षांत बर्णबाने काय केलं ते लिहिलेलं नाही, पण काहीतरी केलं असणार ना!

कुळ्याचा

मोबाईलवर मराठी बायबल ऐकायला मिळतं, फुकट. दुकानात टायर काढताना कानात लावता येईल. पण बाई म्हणतात तसं, कुणी समोर बसून वाचणं ते वेगळंच.

वसईचा, सध्या वास्को

मी कॅथलिक, त्यामुळे आमची रीत थोडी वेगळी. घरी रोज संध्याकाळी रोझरी, इथे शेजारी तेर्स म्हणतात. पण तुम्ही स्वतःच्या ढिलाईबद्दल विचारलंत, त्याबद्दल मला बोलायचंय, कारण माझंही तेच झालं होतं. गोदीत शिफ्टची नोकरी, पहाटेची शांत वेळ वगैरे माझ्या नशिबी नाही.

एका येशूसंघीय फादरनी मला संत इग्नेशियसची रीत शिकवली. दुपारी एकदा आणि रात्री एकदा थांबायचं. आधी आभार मानायचे. देवाकडे प्रकाश मागायचा. मग सकाळपासूनचे तास एकेक करून आठवायचे, कुठे त्याच्याबरोबर होतो, कुठे सुटलो. चुकलं त्याची क्षमा मागायची, पुढच्या तासांसाठी मदत मागायची. दहा-पंधरा मिनिटं. पुस्तक लागत नाही. मी क्रेनखाली उभा राहून केलंय. पहिले काही दिवस काहीच आठवायचं नाही. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की मी रोज त्याच एका सहकाऱ्यावर, त्याच वेळी खेकसतो. उपाशीपोटी, साडेअकराला. कन्फेशनला इतकी वर्षं जातोय, हे कधी दिसलं नव्हतं. तुमचा बालरथ दीडपर्यंत उभाच असतो ना?

आणि हात धरावा का, हे विचारूच नका. संत फ्रान्सिस झेवियर १५४२च्या मे महिन्यात गोव्यात उतरले, रस्त्याने घंटा वाजवत पोरांना धर्मशिक्षणाला गोळा करायचे, हे आपण सगळे जाणतो. मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त जवळची वाटते. सोबत्यांची पत्रं यायची त्यातून त्यांच्या हातच्या सह्या कापून घेऊन ते अंगावर बाळगायचे. एवढा मोठा संत, पण सोबत्यांची नावं अंगाला लागून असावी असं त्यांनाही वाटलंच.

पाळक, मुरगाव तालुका

वरच्या सगळ्यांशी सहमत आहे, पण तक्त्याला बाद करू नका. "दररोज आपला वधस्तंभ उचलून" यातला दररोज हा शब्द फक्त लूकमध्ये आहे (९:२३), त्याच प्रसंगात मत्तय आणि मार्क तो देत नाहीत. मला वाटतं लूकला ते मुद्दाम सांगायचं होतं. भावना आली की वाचू, असं म्हणणारे पुष्कळ पाहिले, वर्षभराने हातात काही नसतं. तुमच्यासाठी सुचवतो, नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्याला पाच दिवस, एक अध्याय. ५२ आठवड्यांत होतो. चुकलेला दिवस शनिवारी भरून काढता येतो.

दुसरं, येशूने बारा जणांना नेमलं ते आधी "आपल्याबरोबर असावे" म्हणून आणि मग पाठवावे म्हणून (मार्क ३:१४). तो क्रम सांभाळा. आणि पोराला फक्त तुमच्याशी बांधून ठेवू नका. तुम्ही चुकलात तेव्हा तो मंडळीच सोडून बसला, कारण त्याच्या ओळखीचे तुम्ही एकटेच होतात. दुसरं एखादं घर त्याला जेवायला बोलावू दे.

होंड्याचा बालरथवाला

पाळकसाहेब, शेवटचं वाक्य लागलं. खरं आहे. आमच्या मंडळीतल्या एका मावशींशी बोललो, रविवारी त्या त्याला जेवायला बोलावणार आहेत.

काल गुरुवार होता. आठला दुकान बंद व्हायच्या वेळेला गेलो. किसमूर बायकोने करून दिली होती, अण्णांच्या घरच्यासारखी नाही झाली, पण झाली. शटर अर्धं ओढून आम्ही जुन्या टायरांवर बसलो. बाई, तुम्ही सांगितलं तशी आधी माफी मागितली. तो टायरमधला खडा काढत राहिला, बराच वेळ. मग म्हणाला, "तुम्ही बरोबरच बोललात असं मला वाटलं होतं." हे ऐकून मला जास्त वाईट वाटलं.

मार्कचा पहिला अध्याय मी वाचला, त्याचं काळं बोट ओळीखालून सरकत होतं. शेवटी कुष्ठरोगी येतो तिथे बोट थांबलं. "काका, हा तोच ना? लेवीयातला?" मला कळेना. तो म्हणाला, "त्याने कपडे फाडायचे, तोंड झाकायचं, अशुद्ध अशुद्ध ओरडायचं आणि छावणीबाहेर एकटं राहायचं. मग येशूने याला हात कसा लावला?"

मी हा अध्याय किती वेळा वाचलाय, किती वेळा ऐकलाय. येशू त्या माणसाला याजकाकडे जा, मोशेने सांगितलेलं अर्पण कर म्हणतो, ते लेवीयाच्या चौदाव्यातलं, हे मी कधी जोडून पाहिलंच नव्हतं. त्याने तीन रात्री अडखळत वाचलेलं त्याच्यात तसंच्या तसं होतं. मी पुढे वाचायला लागलो तर म्हणाला, "पुढचं नको. हेच परत वाचा." मग दुसऱ्यांदा त्याने वाचलं. "कुष्ठरोगी"ला अडला, "स्पर्श"ला अडला, मी थांबलो, त्याचं त्याने सोडवलं.

निघताना मी अण्णांचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यानेच विचारलं, "काका, तुम्ही उद्या काय करणार?" मी म्हटलं, शाळा सुटेपर्यंत गाडीत बसून लेवीय १३ आणि १४ वाचणार. "मग मी फोन करून विचारतो," म्हणाला.

आज अकराला फोन आला. मी तेराव्याच्या चाळिसाव्या वचनावर होतो.