माळरान रंगवताना गवताचा रंग कसा साधायचा?

माळावरची:
नमस्कार मंडळी, मी सांगलीत राहते पण गाव आटपाडीकडचं, आणि सध्या वॉटरकलरमध्ये आमच्याकडचा माळ काढायचा ध्यास घेतलाय. दिवाळी झाली की गवत वाळायला लागतं ना, त्या दिवसांतला माळ हवाय मला. यूट्यूबवर अमेरिकेतल्या प्रेअरीचे, म्हणजे तिकडच्या गवताळ रानाचे व्हिडिओ बघून करतेय पण चित्र झालं की ते गव्हाचं शेत वाटतं, आमचा माळ वाटतच नाही. येलो ओकर, रॉ सिएना असे पिवळे-तपकिरी रंग सगळे आहेत, मग कमी काय पडतंय? आणि एवढ्या मोकळ्या रानात नजर ठरायला काय काढायचं, झाड तर एखादंच असतं लांबवर.

खटावकर:
ताई, प्रेअरीच्या ओल्या भागात गवत माणसाच्या डोक्यावर जातं म्हणून ते लोक नुसतं गवत रंगवतात. आपल्याकडं सह्याद्री ओलांडून येईपर्यंत ढगात पाणी उरत नाही, मातीचा थर पातळ, गवत जेमतेम गुडघ्याएवढं आणि मधनं मधनं मुरूम न् काळा दगड उघडा. म्हणून आधी जमीन रंगवा, गवत नंतर. बर्न्ट सिएनाचा (तांबूस तपकिरी) पातळ वॉश, म्हणजे पाणीदार हात द्या, त्यात थोडं अल्ट्रामरीन निळं घालून करडा करा, पूर्ण वाळला की कोरड्या ब्रशनं ओकर ओढायचा, तोही तुकड्या-तुकड्यानं. कागद ३०० जीएसएम (जाड) कोल्ड प्रेस, म्हणजे थोडा खरबरीत घ्या, गुळगुळीत कागदावर हे जमत नाही.
आणि कुसळी गवत जवळनं बघा एकदा! पिकली की शेंड्याची तांबूस-काळपट कुसळं एकमेकांत पिळून गुंता होतो. पुढच्या भागात रिगर ब्रशनं (लांब, बारीक केसांचा) तेवढे चार-दोन गुंते काढले तरी आपला माळ ओळखू येतो.

मिरजेचा_रंगारी:
खटावकरांशी सहमत, पण उजेड विसरू नका. भर दुपारी माळ सपाट दिसतो, सूर्य कलला की गवतातनं उजेड आरपार येतो. मागची डोंगररांग निळसर ठेवा आणि माथे सपाटच काढा, लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेत म्हणून आपले डोंगर तसेच असतात. नजर ठरायला माडग्याळ जातीची मेंढरं काढा, पांढऱ्या अंगावर तपकिरी डाग आणि बाकदार नाक, जत भागाची खरी ओळख. ढालगावकडच्या पवनचक्क्या पण काढा, पुष्कळ जण त्या गाळतात, मला ते पटत नाही, आजचा माळ तसाच दिसतो.
जमलं तर सातारा जिल्ह्यातल्या औंधचं श्रीभवानी म्युझियम बघून या. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलं, ते स्वतः चित्रकार होते, आत रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. यमाईच्या डोंगरावर आहे, त्यामुळं बाहेर उभं राहून खालचा मुलुख पण न्याहाळता येतो.

माळावरची:
खूप खूप आभार दोघांचे, रविवारीच औंधला जाते. खटावकर दादा, उजेडातली पाती पांढरी राखायला मास्किंग फ्लुइड (रंग लागू नये म्हणून कागदावर लावायचं रबरी द्रव) चालेल का?

खटावकर:
चालेल की, पण माळावर उन्हात बसून लावू नका. कागद तापला की ते घट्ट धरून बसतं, काढताना कागद फाटतो. घरीच लावा न् रंग वाळला की लगेच काढा.