खुबा नेमका कुठला? कमरेखालचा की खांद्याचा?

पंचगंगाकाठ: सांधा बदललेल्या रुग्णांसाठी एक सूचनापत्रक मराठीत करतोय. 'हिप'ला सगळीकडे 'खुबा' लिहिलं. 'खुब्यावर एकदम भार देऊ नये' वगैरे. कच्ची प्रत आत्याला वाचायला दिली. ती शाहूवाडीकडची. तिनं चष्मा कपाळावर सारला, डावा तळवा उजव्या खांद्याच्या टोकावर ठेवला नि म्हणाली, "ह्येच्यावर आता कोण भार देतंय रं? घागरी आणायचं दिस गेलं." मी आजवर 'खुबा मोडला' म्हणजे मांडीच्या वरचंच समजत आलो. काय लिहावं?

लाल माती: आत्या बरोबर आहेत. शिवाजी पेठेत तालमीत जायचो तेव्हा खुबा निखळला म्हणजे खांदाच. माझा निखळला तेव्हा वस्तादांनी मला आडवं पाडून काखेत टाच रोवली नि हात सावकाश ओढला. कट्‌कन आवाज आला, खुबा बसला. आता कुणी असं घरी करू नये, पण शब्द तोच होता.

शब्दनिष्ठ: म्हणूनच बोलीतला शब्द छापू नये. एका गावात खांदा, दुसऱ्या गावात कंबर, आणि रुग्णानं चुकीचा सांधा जपला तर जबाबदार कोण? 'नितंबसंधी' लिहा. ऊर्वस्थी (मांडीचं हाड), जत्रुक (गळ्याखालचं आडवं हाड), अंसफलक (खांद्याचं पातं) असे नेमके शब्द आपल्याकडे आहेत.

रात्रपाळी: वीस वर्षं वॉर्डात काढलीत. 'नितंबसंधी दुखतो का' असं विचारलं तर आजी माझ्याकडं बघत राहतील. बरगडी, नडगी, घोटा, माकडहाड हे त्यांचेच शब्द आहेत. आणि एक सांगते, नुसतं 'नितंब' वाचून माणूस मागं हात लावतो. त्या सांध्याचं दुखणं बहुतेक वेळा पुढं जांघेत जाणवतं. मग नेमका शब्द कुठला ठरला?

पंचगंगाकाठ: जांघेचं हे पत्रकात घालतो. आभार.

उखळ-मुसळ: मला वाटतं दोन्ही खुबे खरे. दोन्हीकडं हाडाचा गोल माथा खोबणीत फिरतो, शाळेत 'उखळीचा सांधा' शिकलो तोच. खुबा हे जागेचं नाव नसावं, त्या गोल उंचवट्याचं असावं. म्हणून 'खांद्याचा खुबा', 'मांडीचा खुबा' असं लिहिलं की प्रश्न मिटतो.

शब्दनिष्ठ: 'असावं' वर पत्रक छापत नाहीत.

गगनबावडा: ढोपराचंही तसंच आहे. माझं माहेर घाटाखाली, तिथं ढोपर म्हणजे गुडघा. इथं सासरी पोरगं 'ढोपर फुटलं' म्हणत आलं, मी हळद घेऊन गुडघा बघत बसले आणि रक्त कोपरातून येत होतं.

लाल माती: आमच्यातबी ढोपर म्हणजे कोपर. गर्दीत ढोपर मारतात ते काय गुडघ्यानं?

शब्दनिष्ठ: सुश्रुतानं हाडांचे पाच प्रकार केले: कपाल, रुचक, तरुण, वलय, नलक. लांब हाडं ती नलक. इतकी शिस्तशीर परिभाषा हाताशी असताना आपण ढोपरात अडकलोय.

रात्रपाळी: पण त्याची हाडं ३००, आजची २०६.

शब्दनिष्ठ: कारण तो दातही मोजतो, तेच रुचक. आणि कूर्चाही, ते तरुण. चूक नव्हे, मोजायची रीत वेगळी.

उखळ-मुसळ: नलक म्हणजे आपली नळीच की! पांढऱ्या रश्शाआधी जी ताटावर ठोकून चोखतो ती. मग नडगीही त्याच 'नळ'मधून आली असेल का? ळ आणि ड ची अदलाबदल होते.

पंचगंगाकाठ: 'मांडीचं हाड कमरेत बसतं तो सांधा' असं लिहून आत्याला दाखवलं. लगेच कळलं. पण पत्रकात तो चौदा वेळा येतो, दर वेळी एवढं कसं लिहू?

लाल माती: नळी ठोकायची नसते, उखळ-मुसळ. बुडाला भोक पाडून ओढायची, मगज सलग येतो. आमचा आजा तिला नडगीच म्हणायचा, बोकडाची असली तरी.